भजनाची पट्टी आणि सोळा वर्षांचा मुलगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही डोंबिवलीला, गाव कणकवली तालुक्यात, दर गणपतीला पाच दिवस येता. तुमच्या लहानपणी आरती झाली की वाडीतली सगळी पोरं भजनाला बसायची. आता तुमचा सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याचे चुलतभाऊ आरतीचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच मागच्या पडवीत ब्लूटूथ स्पीकर घेऊन बसतात. तुम्ही बोलावलंत तर मुलगा म्हणतो, "बाबा, तुमची गाणी स्लो असतात." ह्या पिढीची आवडच बिघडली का, आणि बिघडली असेल तर वळवायची कशी, असं तुम्ही विचारलंय.

मी पेटी वाजवतो आणि भजन करतो, बेचाळीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं, १९८७ ते २००६, एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. शिवाय चार-पाच मोसम बेंजो पार्टीत, म्हणजे मिरवणुकीपुढे वाजवणाऱ्या ताफ्यात, कीबोर्डही वाजवलाय. (घरी सांगून जायचो की भजनाला चाललो.) त्यामुळे कोणत्या घरातला कोण काय ऐकतो, हे मला त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त माहीत असायचं.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. पोरांची आवड बिघडली का, हा एक. पोरगा भजनाला का बसत नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल असं तुम्ही धरून चाललात. माझा अनुभव तसा नाही.

काही गोष्टी तुमच्या वाडीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. मंडळाची स्वतःची पेटी आणि पखवाज आहे की दरवर्षी कुणाकडून तरी उसना आणता? बुवा, म्हणजे भजन गाणारा म्होरक्या, कोण, आणि त्याला पोरांची ऐकून घ्यायची सवय आहे का? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तुमचा मुलगा वर्षातून पाच दिवस गावात असतो. पाच दिवसांत कुणाची आवड बदलत नाही. पाच दिवसांत फार तर एखादी जागा मिळते, बसायला. मी पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं त्या जागेबद्दल आहे.

आधी "आपलं" म्हणजे काय ते बघू. आपण भजनाला जी पेटी घेऊन बसतो, ती मुळात युरोपातली. पायाने भाता मारायचं ते वाद्य होतं. मांडी घालून वाजवता येईल अशी हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास बनवली. आणि ह्याच पेटीला १९४० पासून पुढे तीसेक वर्षं ऑल इंडिया रेडिओवर बंदी होती. आक्षेप हा की हे परदेशी वाद्य, ह्याच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, ह्याने आपलं गाणं बिघडतं. आज जो म्हातारा पेटीवर रेलून "हल्लीच्या पोरांनी गाणं बिघडवलं" म्हणतो, त्याला हे सांगून बघा. मी सांगितलंय. दोन दिवस बोलत नव्हते माझ्याशी.

बेंजोचं तर विचारूच नका. ज्याला आपण बेंजो म्हणतो, ते बुलबुलतरंग, आणि ते आलं जपानच्या ताइशोगोतो नावाच्या वाद्यावरून. तिकडे नागोयात १९१२ मध्ये ते पहिल्यांदा बनलं. वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. जपानहून निघालेलं हे वाद्य मुंबईत आणि आपल्या कोकणात येऊन पालखीपुढे नाचायला लागलं, आणि आता पन्नाशीतली माणसं डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "डीजे आला आणि आपला बेंजो गेला."

मी स्वतःही ह्यातून सुटलेलो नाही. माझ्या गुरूंकडून मी एक अभंग शिकलो होतो. चाल अशी, की ऐकणारा मान डोलवणारच. दहा-बारा वर्षं मी ती "आमच्या मंडळाची जुनी चाल" म्हणून सांगत होतो. एके दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक जुनी हिंदी गाणी कॅसेटवर भरून घ्यायला आलं. मी तबकडी लावली आणि सुई टेकवलेला हात तसाच राहिला. तीच चाल होती, अंतऱ्यासकट. गुरूंनी ती तरुणपणी तंबूतल्या सिनेमात ऐकली असणार, तिला अभंग बसवला, आणि मूळ गाणं ओळखणारी माणसं गेल्यावर ती चाल परंपरा झाली. त्यात गैर काही नाही. डबलबारीचं भजन, म्हणजे दोन बुवांचा सामना, आपल्याकडे आजवर टिकलं त्याचं एक कारण हेच. सुरुवातीची संथ रूपावली, मग अभंग, गौळण आणि शेवटी चढ्या लयीतला गजर हा सांगाडा बुवा सोडत नाहीत, आणि चालीला मात्र सगळीकडचे दरवाजे उघडे ठेवतात. फक्त प्रत्येक बुवा आपल्या पंचविशीतल्या चाली घेतो आणि साठीपर्यंत त्याच गातो. माझ्या चाली १९८५ च्या आसपासच्या आहेत. तुमच्या मुलाला त्या नव्याही वाटत नाहीत आणि जुन्याही वाटत नाहीत, नुसत्या अनोळखी वाटतात.

ही पंचविशीची गोष्ट नुसता माझा अंदाज नाही. माझा एक भाचा मानसशास्त्र शिकवतो, त्याने मला सांगितलं. होलब्रुक आणि शिंडलर ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या वर्षांतली लोकप्रिय गाणी ऐकवून पसंती विचारली. आपल्या वयाच्या तेवीस-चोवीसच्या आसपास जी गाणी गाजत होती, तीच लोकांना सर्वांत जास्त आवडत होती. वयाच्या त्या टप्प्यात कान मऊ असतो, मग हळूहळू निबर होतो. दुकानात मी हे रोज बघत होतो, फक्त त्याला नाव नव्हतं. माणूस चाळिशीचा झाला की नवी कॅसेट घेणं थांबवायचा आणि जुनीच, घासली गेली म्हणून पुन्हा घ्यायचा.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आवड बिघडली नाही, आवड तुमच्यासारखीच घडतेय, फक्त तिचा माल वेगळा आहे. त्या मालातला काही मला स्वतःला भिकार वाटतो, ते लपवत नाही. पण माझ्या दुकानातला काही मालही भिकारच होता. विसरला गेला, म्हणून आज त्याचं कुणी नाव काढत नाही.

आता बदललं ते काय? माझ्या मते, कानापर्यंत गाणं कोण पोचवतो ते बदललं.

आमच्या वडिलांकडे मुंबईच्या काकांनी पाठवलेला ट्रान्झिस्टर होता. घरात एकच काटा आणि तो वडिलांच्या हातात. भजनी मंडळातला माणूस, पण बुधवारी रात्री श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लागायचंच. त्यामागेही एक गंमत आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, आणि सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची घसरते म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी त्यामुळे रागदारी ऐकायला सुरुवात केली का? लोकांनी काटा फिरवला. त्याच वर्षाच्या शेवटी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, आणि कोकणातल्या घराघरांतून ती खरखरत ऐकू यायला लागली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली. वाडीच्या सभेत "स्पीकरवर बंदी घाला" असा ठराव येतो तेव्हा मला दरवेळी केसकर आठवतात. माणूस संगीताचा जाणकार होता, हेतूही वाईट नव्हता, पण काटा फिरवणारा हात त्यांच्या ताब्यात नव्हता.

तर रेडिओच्या काळात आवडो न आवडो, बापाचं गाणं पोराच्या कानावर पडायचं आणि पोराचं बापाच्या. मग कॅसेट आली. आखाती देशांत गेलेली माणसं टू-इन-वन घेऊन सुट्टीवर यायची. रत्नागिरी-राजापूरकडे तर कितीतरी घरांत रेडिओपेक्षा टेप मोठा. तिथून वाट फुटायला सुरुवात झाली, पण पुरती फुटली नव्हती, ते दुकानातल्या एका प्रसंगावरून सांगतो.

लोक कोरी साठ मिनिटांची कॅसेट घेऊन यायचे आणि गाण्यांची यादी द्यायचे, मी भरून द्यायचो. (कायद्याने ते बरोबर नव्हतं. तेव्हा सगळेच करायचे, आता कबूल करायला हरकत नाही.) एक शेतकरी आणि त्याचा दहावीतला मुलगा आले. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर यादी. वरच्या अर्ध्यात वडिलांची: अभंग, नाट्यपदं, दोन गौळणी. मध्ये पेनाने रेघ. खाली मुलाची, सगळी त्या वर्षीच्या सिनेमातली. पैसे एकाच कॅसेटपुरते होते. "ए बाजूक माझी, बी बाजूक ह्याची," वडील म्हणाले. तीस मिनिटं तीस मिनिटं. महिन्याभराने तीच कॅसेट परत आली, पावसाळ्यात पट्टीवर बुरशी धरली होती, आवाज दबला होता. मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसत पुसत दोन्ही बाजू वाजवून बघितल्या. मुलगा काउंटरवर कोपर टेकून उभा होता, आणि वडिलांच्या बाजूची गौळण लागल्यावर तोंडातल्या तोंडात पुढचा शब्द आधीच म्हणत होता. त्याने ती कधी मुद्दाम ऐकली नसणार. पण त्याची बाजू लावायची तर आधी वडिलांची संपावी लागे, नाहीतर पेन्सिल घालून गुंडाळत बसावं लागे.

आता ती रेघ राहिली नाही, कागदच वेगळे झाले. आधी एमपीथ्रीची सीडी आली, एकीत दीडशे गाणी, आणि माझं दुकान तिने बंद पाडलं. मग मेमरी कार्ड. मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि पोरं रेंज मिळते म्हणून संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जाऊन बसायला लागली, प्रत्येकाच्या कानात वेगळं. तुमच्या मुलाची आवड तुमच्या नजरेआड घडतेय, आणि तुमची त्याच्या. म्हणून ती एकदम परकी वाटते.

भाच्याने आणखी एक सांगितलं होतं, ते मला पटलं. कॅरल क्रुमहान्सल ह्या कॉर्नेल विद्यापीठातल्या बाईंनी २०१३ मध्ये विशीतल्या मुलांवर असाच प्रयोग केला. मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची होतीच, पण आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं दिसलं, आणि त्याच्याही आधीच्या पिढीतल्या काही गाण्यांशी. म्हणजे घरात मोठ्याने वाजलेलं वाया जात नाही. तुम्ही डोंबिवलीत स्वतः इअरफोन लावून नाट्यपदं ऐकत असाल तर पोराच्या कानावर ती पडणार कुठून?

इथे एक अगदी साधी सूचना. गावाला गाडीने येत असाल तर दहा-बारा तास हाताशी आहेत. त्याचे इअरफोन काढून घेऊ नका. पनवेल ते माणगाव गाडीच्या स्पीकरवर त्याची गाणी, माणगाव ते चिपळूण तुमची, पुढे हातखंब्यापर्यंत परत त्याची. अट एकच, दुसऱ्याच्या वाटणीत तोंड वाकडं करायचं नाही. कशेडीच्या आसपास झोप लागते तेव्हा तुमची पाळी येते, ते जरा अन्यायाचं आहे, पण चालायचंच.

आता दुसरा प्रश्न, पोरगा भजनाला का बसत नाही. ह्याच्यावर मी बरीच वर्षं चुकीचं उत्तर देत होतो.

आमच्या मंडळात एक मुलगा होता. आठव्या वर्षापासून टाळ घेऊन बसायचा, अकराव्या वर्षी गौळण गायचा, आवाज असा की बाहेर खळ्यात उभी असलेली माणसं आत यायची. चौदाव्या वर्षी यायचा बंद झाला. मी सगळ्यांना सांगत सुटलो की मोबाइलने बिघडवला. दोन वर्षांनी पालखीत भेटला तेव्हा सहज विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "बुवानू, माझो आवाज थंय पोचना नाय."

आवाज फुटला होता. आणि मी गातो काळी तीनमध्ये, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून, रंगात आलो तर काळी चार. त्या वयात मुलाचा आवाज पार खाली येतो, त्याला काळी एकही जड जाते. गेल्या वर्षी जो मुलगा मंडळाची शान होता त्याचा यंदा सगळ्यांसमोर आवाज चिरकतो, मागचे हसतात, आणि तो उठतो. त्या रात्री त्याला कुठे जागा मिळते? पडवीतल्या स्पीकरजवळ. तिथे कुणाला गावं लागत नाही.

हिशोब करून बघा. आवड पक्की होण्याची सुरुवात ज्या वयात होते, नेमक्या त्याच दोन-तीन वर्षांत आपण पोराला भजनातून उठवतो, आणि वर म्हणतो की आवड बदलली. मुलींचं तर त्याहून वाईट. आमच्या पिढीने त्यांना बसूच दिलं नाही. आता गावोगाव महिला भजनी मंडळं उभी राहिली, ती आमच्यामुळे नव्हे, आम्हाला न विचारता. तुम्ही पत्रात फक्त मुलाबद्दल लिहिलंत, घरात मुलगी असेल तर तिलाही विचारा.

ही वरची पट्टी आली कुठून, तेही सांगतो, कारण म्हातारे म्हणतील की भजन वरच शोभतं. पूर्वी माइक नव्हता. मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत, पखवाज आणि झांजांच्या वर आवाज काढायचा तर पट्टी चढीच हवी. नाटकवालेही त्यासाठीच वर गायचे. माइक येऊन कित्येक वर्षं झाली. गरज गेली, पट्टी राहिली. मी आता मुलं असतील त्या दिवशी दोन गजर पांढरी एकमध्ये घेतो. मला रंगत कमी वाटते, खरं सांगतो, गळा तापतच नाही. पण मागून कोरसचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा येतो.

आणि ज्यांना गायचंच नाही, त्यांना हातात काहीतरी द्या. वर सांगितलेल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावला आणि पखवाजाला कणीक लावायला बसवला. मोठ्या लिंबाएवढा गोळा, पाणी बेताचं, डाव्या तोंडावर मधोमध लावून अंगठ्याने कडा दाबत जायचं. त्याने आधी फार लावली, थाप मारली तर नुसता फसका आवाज. थोडी काढली, परत थाप, परत काढली. चौथ्या वेळेला खोलीतलं तांब्याचं भांडं थरथरलं असा धूम निघाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. उजवी बाजू पावसाने उतरली होती, मग हातोडी देऊन गठ्ठे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकायला लावले, पेटीचा सूर धरून. सव्वा तास गेला, भजनाचा एक शब्द काढला नव्हता. तो आज मंडळाचा पखवाजी आहे. कानात अजूनही त्याचीच गाणी असतात, मी विचारत नाही.

आजीच्या ओव्या गेल्या त्यात हीच गोष्ट होती. आपण म्हणतो बायकांना ओव्यांची आवड उरली नाही. गावात पिठाची गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं, आणि जात्याबरोबर ओवी गेली. लावणीच्या चिखलातली गाणी पॉवर टिलर आल्यावर कमी झाली. आपल्याकडचं बरंचसं गाणं हाताला काम होतं म्हणून होतं, नुसतं ऐकायचं म्हणून कमीच. फुगडी अजून टिकली ती फेर धरायला पाय लागतात म्हणून.

डीजेला माझा विरोध आहे, तोही ह्याच कारणाने, फक्त मोठ्या आवाजामुळे नाही. आवाज त्रासदायक आहेच, आमच्या घराची कौलं वाजतात. पण बेंजो पार्टीत पंधरा-वीस पोरांचे हात लागायचे, ताशा वाजवणाऱ्याची बोटं फुटायची. डीजेला एक माणूस पुरतो आणि बाकीची वाडी गिऱ्हाईक होते. ध्वनिक्षेपकाचा नियम मात्र पोरांना नीट सांगा, भांडण टळतं: २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. हा नियम भजनाच्या माइकलाही लागू आहे, हे म्हाताऱ्यांनाही सांगा.

राहिलं ते "स्लो". त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. आपण रूपावलीने संथ सुरुवात करतो, लय चढत जाते, आणि गजराला जी मजा येते ती येईपर्यंत दीड-दोन तास गेलेले असतात. पूर्वी रात्र मोकळी होती. तुमचा मुलगा ज्या गाण्यांत वाढला ती उलट्या बाजूने बांधलेली असतात. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणं निदान तीस सेकंद ऐकलं गेलं तरच हिशोबात धरतात, म्हणून गोडाचा घास पहिल्यालाच. आमच्या आधीच्या लोकांनीही हेच केलं होतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, तेव्हा मैफलीत तासभर गाणारे त्या वेळेत बसवायला शिकलेच. मी गेली काही वर्षं आरतीनंतर लगेच एक गजर घेतो, आठ-दहा मिनिटांचा, चढ्या लयीत, सगळे उभे असतानाच. मग बसून रूपावली. क्रम मोडला म्हणून मला शिव्या बसल्या, अजून बसतात. पण गजर संपताना ज्यांच्या हातात झांज असते ते लगेच उठून जात नाहीत, हे मी बघितलंय. काही जातात. तेही बघितलंय.

माझा स्वतःचा मुलगा भजन करत नाही. पुण्याला असतो, गिटार वाजवतो. बरी वाजवतो. दिवाळीला येतो तेव्हा मी पेटीवर बसलो की तो कधी कधी तिथेच बसून तारा लावतो, आणि काळी एकला लाव म्हटलं तर लावतो. एवढंच आहे आमच्यात. तेव्हा मी सांगितलेलं सगळं केलंत तर पोरगा भजनी होईल, अशी हमी मी देऊ शकत नाही.

यंदापुरतं एवढं करून बघा. बुवांना आधीच फोन करून दोन गजर खालच्या पट्टीत घ्यायला सांगा, पोरांचं नाव न घेता, स्वतःचा घसा बसलाय म्हणून सांगा, बुवा ऐकतील. मुलाला "भजनाला बस" म्हणू नका, झांजेची जोडी हातात द्या, आणि त्याच्या शेजारी त्याचे चुलतभाऊ बसू देत, तुम्ही नको. त्याच्या फोनमधली एखादी चाल बुवांना पेटीवर काढून दाखवायला सांगता आली तर उत्तम. बहुतेक बुवांना ते आवडतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आणि वाडीतल्या कुणाला तरी चतुर्थीच्या आठ दिवस आधी पेटी उघडून ठेवायला सांगा. पावसाने लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, सूर चिकटतात. शेजारी साधा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवला तर बऱ्याचशा सुटतात. भाता मात्र हाताने चाचपून बघा. वर्षभर पेटी माळ्यावर असते आणि उंदरांना भात्याचं कातडं फार आवडतं.